फ्रेंचमधलं वेळापत्रक, आणि आपले आठ दिवस

प्रश्न असा आलाय की शेड्युलला फ्रेंचमध्ये नेमका शब्द कोणता, कारण डिक्शनरीत चार-पाच दिसतात आणि कुठला कुठे वापरायचा ते कळत नाही.

एक असा शब्द नाहीच. शाळा-कॉलेजचं टाइमटेबल म्हणजे 'आँप्ल्वा द्यू ताँ'. गाडी कितीला, दुकान कधी उघडतं, त्या वेळांना 'ओरेर'. ऑफिसात कुणाची ड्युटी कधी, कुठलं काम कधी ते 'प्लानिंग', शब्द इंग्रजीसारखा दिसतो पण वापर पक्का फ्रेंच. आणि 'आझँदा' म्हणजे तुमची अपॉइंटमेंट लिहायची डायरी, मीटिंगची विषयपत्रिका नव्हे, तिला म्हणतात 'ऑर्द्र द्यू झूर'.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'देले'वर. स्पेलिंग बघून लोक सरळ डिले समजतात. देले म्हणजे आपली मुदत! 'दाँ ले देले' म्हणजे मुदतीत, आणि उशीर म्हणायचं असेल तर 'रतार'. पत्रात 'साँ देले' आलं तर ते विनाविलंब, हे इथे विलंबाच्या जवळ जातं खरं, पण एरवी मुदत हाच अर्थ डोक्यात ठेवा.

आता मला खरं सांगायचंय ते हे, की आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो आणि तिथेच उगाच अवघड करून घेतो. 'दाँ' आणि 'आँ' घ्या. इंग्रजीत दोन्हीला 'इन टू अवर्स' चालतं म्हणून क्लासमध्ये गोंधळ उडतो, मराठीत मात्र 'दोन तासांनी येतो' आणि 'दोन तासांत करतो' यात कुणी चुकत नाही. तासांनी म्हणजे दाँ, तासांत म्हणजे आँ, इतकं सरळ आहे ते!

तसंच आठवड्याचं. फ्रेंच माणूस बोलताना आठवड्याला सर्रास 'उई झूर' म्हणतो, म्हणजे आठ दिवस, आणि दोन आठवड्यांना 'कँझ झूर', पंधरा दिवस. इंग्रजीवाल्याला वाटतं सात आणि चौदा हवेत ना. आपण काय म्हणतो? आठ दिवसांनी या, पंधरा दिवसांनी दाखवा. सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरून मोजलं की आठच होतात. यावरून पुढचा प्रयोग 'लँदी आँ उईत', म्हणजे येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. अपॉइंटमेंट घेताना हा नीट ऐका, नाहीतर आठवडाभर आधी जाऊन दारात उभे राहाल.

एक राहिलं, वेळ सांगताना २४ तासांचं घड्याळ सर्रास चालतं, दुपारचे अडीच म्हणजे १४ ह ३० ('ह' म्हणजे 'अर', तास), आणि तिथे 'कातॉर्झ अर त्राँत' म्हणायचं. अर्ध्या तासासाठीचं 'ए दमी' १२ तासांच्या वेळेलाच लागतं, दझ अर ए दमी, म्हणजे अडीच.