विचारा बिनधास्त : चॉकलेटात भिवापुरी तिखट

प्रश्न : मी भिवापूरकडची. घरच्या वावरातली मिरची वाळवून दळलेली होती, मृग बहाराची संत्री पण पडून होती, तर मोबाईलवर पाहून डार्क चॉकलेटमध्ये तिखट अन संत्र्याचा रस टाकून वड्या पाडाव्या म्हटलं. चॉकलेट मस्त पातळ झालं होतं, रस टाकला अन दोन मिनिटांत त्याचा ओल्या रेतीसारखा गोळा. दुसऱ्यांदा रस नाही टाकला, पण चाखलं तर तिखट लागेचना, म्हणून अजून अर्धा चमचा टाकलं, मग काय, पोट्टे रडायला लागले अन सासूबाई म्हणे, हे चॉकलेट आहे का सावजी? कुठं चुकलं?

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जोडी तुम्ही चुकीची नाही निवडली, मिरची अन कोको दोघंही मूळचे अमेरिका खंडातले, तिकडचे अझ्टेक लोक कोको बिनसाखरेचा, मिरची घालून प्यायचे, साखर तर नंतर युरोपवाल्यांनी टाकली. आपल्याकडं मिरची पोर्तुगीजांसोबत आली अन भिवापूरची होऊन बसली, जीआय मानांकन घेऊन.

चुकलं ते पाण्यात. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोकोच्या तुपात तरंगणारी साखर अन कोकोची पूड, त्यात चमचाभर जरी पाणी गेलं तर साखर ओली होऊन एकमेकीला चिकटते अन गोळा होते. मी स्वतः दोनदा केलाय हा गोळा, एकदा तर फक्त ओल्या चमच्यानं, अन एकदा खालच्या पातेल्यातली वाफ आत गेली म्हणून. फेकू नका पण, त्यात गरम दूध एक-एक चमचा घालत घोटत राहा, पुन्हा पातळ होते, वड्या नाही पडणार पण पोट्ट्यांना दुधात ढवळून देता येते. रसाऐवजी साल घ्या. आतला पांढरा भाग चाकूनं खरवडून काढायचा, नाहीतर कडू लागते, अन साल सावलीत कडकडीत वाळवून मिक्सरमधून काढायची.

आता तिखट. मिरचीतला जो जाळ आहे ना तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, म्हणून चॉकलेटात तो आधी लपून बसते अन वडी गिळल्यावर घशात उठते. तुम्ही चाखलं अन लगेच ठरवलं की लागत नाही, तिथंच फसगत झाली. चाखून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मंग ठरवायचं. 200 ग्रॅम चॉकलेटला पाव चमचा तिखट भरपूर झालं, बिया काढून दळलेलं, वस्त्रगाळ, अन चिमूटभर मीठ विसरू नका, त्याच्यानं संत्र्याचा वास वर येते. अन पोट्टे परत रडले तर पाणी नका पाजू, दूध नाहीतर ताक द्या.

प्रश्न : कुरखेड्याहून. वाळलेला मोह चॉकलेटात चालेल का?

उत्तर : चालेल काय, पळेल! आतले केसर झाडून मोह मंद आचेवर तव्यावर परता, थोडा चुरचुरीत झाला पाहिजे, ओलसर राहिला तर वरच्या ताईंचा गोळा तुमच्याकडं. चवीला मनुक्यासारखा लागते पण वास जोरदार आहे, म्हणून मूठभरच घ्या अन सोबत भाजलेला जवस टाका. दुधाळ चॉकलेट मात्र नको, मोहाची गोडी अन त्याची गोडी मिळून घशाशी बसते.

प्रश्न : दुकानातल्या स्लॅबच्या वड्या मे महिन्यात पण वितळल्या नाहीत अन खाताना मेणासारख्या लागल्या. आईनं केलेल्या मात्र फ्रीजमधून काढल्यावर पांढऱ्या पडल्या. बुरशी आहे का?

उत्तर : बुरशी नाही. उघड्या ठेवल्या तर ओलाव्यानं साखर वर येते, गरमीत मऊ होऊन पुन्हा घट्ट झाल्या तर कोकोचं तूप वर येते, खायला काही हरकत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा अन डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. कोकोचं तूप 34 अंशाच्या आसपास वितळते, आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 वर, म्हणजे खरं चॉकलेट ओट्यावर ठेवलं की त्याची कढी. दुकानातला तुमचा स्लॅब कंपाउंड असणार, त्यात दुसरं वनस्पती तेल असते, ते उशिरा वितळते, म्हणूनच जिभेवर मेण. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरं वाचत जा.

प्रश्न : ठेचा टाकला तर?

उत्तर : नको भाऊ. त्यात लसूण आहे, ओली मिरची आहे, अन माझ्या पुतण्यानं करून पाहिलाय. अर्धी थाळी अजून आमच्या फ्रीजमध्ये आहे, घेऊन जा.