माझ्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये 'नोबडी केअर्ड' (हा इंटरप्ट कुणीच आपला म्हटला नाही) असा कर्नलचा संदेश येऊन आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची इंटरप्ट लाइन, बंद पडतो. हँडलरमधून (इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनमधून) कायम आयआरक्यू_हँडल्ड, म्हणजे 'माझा होता, हाताळला', परत केलं तर चालेल का? आणि हँडलरनंतरचं उरलेलं काम टास्कलेटमध्ये (कर्नलची काम थोडं पुढे ढकलायची जुनी सोय) टाकू की थ्रेडमध्ये?

नाही, चालणार नाही. हे ज्याने तुम्हाला सुचवलं त्याने तो संदेश कधी नीट वाचलेला नाही.

२०१४ साली मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत होते. स्विचगिअर तपासायच्या पॅनेलसाठी आम्ही पीसीआय कार्ड बनवायचो, त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे. अंबडच्या एका कारखान्यात ब्रेकरची टेस्ट चालू असताना मधूनच रीडिंग थांबायचं, आणि त्याच क्षणी नेटवर्कही जायचं. तिथली माणसं आठवडाभर केबल बदलत बसली होती. मी जाऊन लॉग उघडला तर 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड'. नेटवर्क कार्डही त्याच सोळावर, म्हणून लाइन बंद झाली की दोघंही जायची.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "शेवटी सरळ हँडल्ड परत कर, कर्नल गप्प बसेल." मी म्हटलं, सर, कारण सापडलेलं नाही. "तुला डिलिव्हरी द्यायची आहे की पीएचडी करायची आहे?" मी नवी होते, केलं तसं. कर्नल खरंच गप्प बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऐन टेस्टमध्ये अख्खं मशीन गोठलं, माउससुद्धा हलेना. आणि मीटिंगमध्ये सर म्हणाले, ड्रायव्हर हिचा आहे.

एका लाइनवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ती लाइन बंद करतो. मशीन वाचावं म्हणून करतो. जुन्या पीसीआयची लाइन लेव्हलवर चालते. कार्डाने ती धरून ठेवली की सोडेपर्यंत इंटरप्ट येतच राहतात. तुम्ही खोटं 'हँडल्ड' सांगितलंत की ती मोजणी निकामी होते, भडिमार तसाच चालू राहतो. आमच्या पॅनेलच्या मशीनला एकच कोअर होता, तो त्यातच अडकला.

मूळ चूक माझी होती. माझा हँडलर कार्डाची स्थिती सांगणाऱ्या स्टेटस रजिस्टरमधला फक्त डेटा तयार असल्याचा बिट बघायचा. ब्रेकर उघडताना सॅम्पल्सचा लोंढा यायचा, कार्डावरचा बफर भरून वाहायचा आणि ओव्हरफ्लोचा बिट लागायचा. डेटा उपसून झाला तरी तो बिट तसाच, लाइन धरलेलीच. हँडलर म्हणणार, डेटा नाही, म्हणजे माझा नाही. मग लाख भरायला कितीसा वेळ लागतो! हे सापडलं ते आयआरक्यू_नन, म्हणजे 'माझा नाही', परत करण्याआधी स्टेटसचा आकडा छापला म्हणून. अर्ध्या तासाचं काम होतं, आदल्या दिवशी कुणी करू दिलं असतं तर.

तेव्हा स्टेटस पूर्ण वाचा, तुम्ही चालू केलेल्या बिटांच्या मास्कशी अँड करा, शून्य आलं तरच नन. सगळे बिट एक आले तर कार्ड उत्तरच देत नाहीये, तेव्हाही नन. वाचलेत तेवढेच बिट साफ करा, आणि मग त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर परत वाचा. पीसीआयवर लिहिलेलं वाटेत ब्रिजमध्ये रेंगाळतं. ते कार्डापर्यंत पोचायच्या आत हँडलर संपला तर इंटरप्ट उगाच पुन्हा येतो.

टास्कलेट नको, थ्रेडच घ्या. २००९ च्या २.६.३० पासून ती सोय आहे. फक्त शेअर्ड लाइनवर वनशॉट (थ्रेड संपेपर्यंत अख्खी लाइन बंद ठेवणारा फ्लॅग) लावू नका, शेजारच्या ड्रायव्हरनेही तो लावलेला असावा लागतो. इंटरप्ट येताच चालणाऱ्या पहिल्या हँडलरमध्ये कार्डाचाच इंटरप्ट बंद करा, थ्रेड संपताना चालू करा.

हे सगळं जुन्या शेअर्ड लाइनपुरतं. तुमचं कार्ड एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने इंटरप्ट पाठवायची सोय) देत असेल तर आधी ते वापरा, शेजाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. संदेशात कर्नल आयआरक्यूपोल हा बूटचा पर्याय लावून बघा म्हणतो, तेही तपासापुरतंच. ग्राहकाकडे तसं मशीन पाठवू नका.

हँडल्डची ती ओळ मी काढली आणि कमिटमध्ये कारण सविस्तर लिहिलं. सरांनी ते कारण पुसायला सांगितलं. मी पुसलं नाही.