इंग्लंडमध्ये ऑफिसला जायला वापरलेली माझदा आरएक्स-८ घ्यावी का? नेहमीचे बिघाड कोणते आणि खर्च किती?

घ्या, पण तिच्या रोटरी इंजिनाची (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) गरम असताना कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे आतला दाब मोजायची चाचणी, झाल्याशिवाय एक पौंडसुद्धा देऊ नका. आणि "ही गाडी ऑइल खाते, म्हणजे इंजिन गेलं" असं कुणी सांगितलं असेल, तर त्याचं अजिबात ऐकू नका. हे वाक्य मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाकडून सहा वर्षं ऐकलंय, म्हणून एवढं लिहायला बसलो.

२०१४ साली मी लेस्टरला होतो. २००५ची, २३१ हॉर्सपॉवरची, ६८ हजार मैल झालेली आरएक्स-८ एका डीलरकडून १,६०० पौंडांना घेतली. बघायला गेलो तेव्हा इंजिन गार होतं. अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली. वीस मिनिटं फिरवली, डीलर शेजारी बसला होता. परत आल्यावर मी चावी फिरवणार तोच तो म्हणाला, राहू दे चालू, मलाच ती मागे नेऊन लावायची आहे. रोटरीचं कॉम्प्रेशन उतरलं की गाडी गार असताना पकडते आणि गरम झाल्यावर पकडत नाही. हे त्याला पक्कं माहीत होतं आणि मला नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या शनिवारी बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन निघालो. एम-वन महामार्गावर सर्व्हिसेसला चहाला थांबलो, परत येऊन सेल्फ मारला तर नुसता फिरतोय. बॅटरी चांगली, पेट्रोल आहे, गाडी ढिम्म. पाऊण तासाने इंजिन गार झालं आणि काही न झाल्यासारखी चालू झाली.

मग फक्त रोटरीचंच काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे नेली. टेस्टचे ८० पौंड. साधा गेज इथे चालत नाही. एका रोटरला तीन बाजू, तिन्हींचा आकडा वेगळा लागतो, म्हणून दोन रोटरचे मिळून सहा आकडे घ्यायचे. २५० आरपीएमला किमान ६.८ बार हवेत. माझ्या पुढच्या रोटरचे सहाच्या आसपास आले आणि मागच्याचे ५.२, ५.४, ५.१. इंजिन उघडल्यावर मागच्या रोटरचे टोकाचे सील झिजलेले आणि हाउसिंगवरचा (रोटरभोवतीच्या कवचावरचा) क्रोम सुटलेला निघाला. प्लगच्या कॉइल मात्र बहुधा कारखान्यातून आल्या तशाच होत्या. कॉइल मेल्या की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन पेटतं, कॅट वितळून तुंबतो, गरम वायूला बाहेर जायला वाट राहत नाही आणि ती सगळी उष्णता इंजिनावर येते. आधीच्या मालकाने चार कॉइलचे दोनशे पौंड वाचवले. मी इंजिन, क्लच आणि कॅट मिळून ४,३०० भरले.

दादा बर्मिंगहॅमला असतो, तोही माझ्यासारखा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याचं म्हणणं, भंगारात घाल आणि डिझेल घे. काम झाल्यावरही मी दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघून ऑइल घालतोय हे पाहिलं आणि तो म्हणाला, रिंगा गेलेल्या गाडीचीच लक्षणं आहेत, तुला फसवलंय. मी समजावलं की या इंजिनात एक छोटा पंप मुद्दाम ऑइल आत सोडतो, सीलना वंगण मिळावं म्हणून. ते जळतंच, जळायलाच हवं. त्याला पटेना.

सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी वीस वर्षं टू-स्ट्रोक स्कूटर चालवली होती. ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपण पेट्रोलमध्ये टू-टी घालायचो तसंच की. ऑइल संपत नसेल तर काळजी कर." इथले आरएक्स-८वाले कितीतरी जण खरोखरच टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालतात, आणि मीही घालायचो. दादा यावर म्हणाला, बाबांना काय कळतं रोटरीतलं. ते मला लागलं. गाडीबद्दल काय वाटेल ते बोल, पण बाबांना त्यातलं नेमकं तेच कळलं होतं जे दोन इंजिनिअर वाद घालून ठरवू शकत नव्हते.

२०१६च्या उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा त्यांना स्नेक पास या डोंगरातल्या घाटरस्त्यावरून नेलं. इंजिन पुरतं गरम होऊ दिलं आणि मग तिसऱ्या गिअरला आरपीएमचा काटा नऊ हजाराकडे नेला, बीप वाजेपर्यंत. ते काही बोलले नाहीत. वर पोचल्यावर बोनेट उघडायला लावलं, थोडं थांबून स्वतः डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

२०२०मध्ये विकली तेव्हा त्या इंजिनावर ४४ हजार मैल झाले होते आणि सहाही आकडे ७.५च्या वर होते. तो कागद दादाला पाठवला. तो म्हणाला, नशीब. नशीब नव्हे. कॉइल, प्लग आणि वायर दर तीस हजार मैलांना बदलल्या (२५० पौंड), ऑइल तीन हजारांना बदललं, गार इंजिन कधी ताणलं नाही, आणि गरम झाल्यावर रोज एकदा तरी रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या वरच्या मर्यादेपर्यंत) नेलं, कार्बन साचू नये म्हणून. शेजाऱ्याला वाट द्यायला दहा फूट पुढे घेऊन लगेच बंद, हे तर कधीच केलं नाही. तसं केलं की आत पेट्रोल साचतं, सीलवरचं ऑइल धुऊन निघतं, प्लग ओले होतात आणि गाडी फ्लड होते. झालीच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. त्याने पेट्रोल बंद होतं आणि आतलं बाहेर पडतं.

गरम असताना पकडत नाही म्हणून लगेच इंजिन गेलं असंही धरू नका. सुरुवातीच्या गाड्यांचा सेल्फ हळू फिरायचा, नंतर माझदाने जोरकस काढला. आधी तो आणि बॅटरी तपासा, इंजिनाच्या कामापुढे तो खर्च किरकोळ आहे. जाहिरातीत "इंजिन रीबिल्ट" असेल तर पावती मागा, आणि नवीन हाउसिंग टाकलं की जुनंच ठेवलं ते त्यावर बघा. मागच्या चाकांच्या वरचा पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या गंजतात, तिथे हात फिरवून बघा.

ॲव्हरेज विचारू नका. गॅलनला अठरा-वीस मैल, म्हणजे लिटरला साडेसहा-सात किलोमीटर. रोड टॅक्ससाठी नोंदणीची तारीख बघा. २३ मार्च २००६ किंवा त्यानंतरची असेल तर वर्षाला काही शे पौंड जास्त जातात. माझे खर्चाचे आकडे जुने आहेत, आता त्यापेक्षा बरेच जास्त धरा.

ऑफिस घरापासून किती लांब ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-तीन मैल असेल तर इंजिन गरमच होणार नाही. तसं असेल तर ही गाडी घेऊ नका.