रोज तासभरच मिळतो, मग कुठला गेम घ्यावा?

अलीकडे काय आवडलं, पुढे कशाची वाट बघताय आणि रोज तासभरच मिळत असेल तर काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

तासभरच असेल तर डोळे झाकून 'ब्लू प्रिन्स' (२०२५), कोडी सोडवायचा गेम. पाच बाय नऊचा वाडा, म्हणजे ४५ खोल्या, आणि शोधायची ४६वी. दार उघडायला गेलं की तीन खोल्यांचे पर्याय येतात, त्यातली एक निवडून आपणच तिथे बसवायची. सुरुवातीला दिवसाला ५० पावलं मिळतात, खोलीत शिरलं की एक गेलं. दुसऱ्या दिवशी वाडा पुन्हा कोरा; पुढे नेता येतं ते बहुतेक डोक्यातच. मी 'राहील की लक्षात' म्हणून वही घेतली नाही. दहाएक दिवसांनी ट्यूब पेटली, की भिंतींवर जोडीने टांगलेली चित्रं काही शोभेची नाहीत. सगळ्या खोल्या नव्याने बघत फिरलो! याहून जास्त सांगितलं तर मजा जाईल. हवी ती खोली हटकून येत नाही तेव्हा डोकं फिरतं, तेवढं सोसावं लागतं.

अलीकडे आवडलेल्यांत 'हॉलो नाइट: सिल्कसाँग', उड्या-लढाईचा गेम. २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. अवघड आहे, उगाच धीर देत नाही. सुरुवातीला आपल्याकडे पाच मास्क, म्हणजे आपला जीव मोजायचे मुखवटे, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन नेतात. पण शत्रूंना मारून मिळणारं रेशीम साठवून ठेवलं तर एकदम तीन मास्क भरून निघतात, त्यामुळे ते हल्ल्यात उधळू नका. उडी मारून खाली केलेला वार तिरका जातो, त्यापायी मी कितीदा काट्यांत पडलो त्याची गणतीच नाही. 'वाँडरर' क्रेस्ट (वार करायची पद्धत बदलणारं चिन्ह) मिळवा, त्यात वार सरळ खाली बसतो. मला हे फार उशिरा कळलं.

'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३' बद्दल एवढं बोललं गेलंय की मी कथेत शिरत नाही. लढाई पाळीपाळीची, पण शत्रूच्या पाळीलाही बोट बटणावरच. तो हात उगारतो, मुद्दाम जरा थबकतो आणि मग मारतो. आपण तोवर बटण दाबून मोकळे झालेलो असतो. आधी नुसतं चुकवायला शिका, त्याला वेळेची सूट जास्त आहे. चुकवल्यावर पडद्यावर 'परफेक्ट' यायला लागलं की पॅरीकडे, म्हणजे नेमक्या क्षणी वार अडवण्याकडे वळा.

पुढचं म्हणाल तर 'जीटीए ६' ('ग्रँड थेफ्ट ऑटो'चा नवा भाग). आधी २०२५, मग २६ मे २०२६, नंतर १९ नोव्हेंबर २०२६ अशी तारीख सरकत गेली. मागचा २०१३ चा, त्यामुळे उत्सुकता मलाही आहे. प्री-ऑर्डर (गेम यायच्या आधीच पैसे भरणं) मात्र नाही. एका गेमची केली होती, पहिला आठवडा सेव्ह फाइल, म्हणजे खेळलेलं जपून ठेवणारी फाइल, उडण्यात गेला. तेव्हापासून पहिले पंधरा दिवस इतरांना खेळू देतो आणि आपण वही घेऊन वाड्यात फिरतो.