यंत्राविना हवा मोजणारा फुगा

प्रश्न : अमेरिकेने वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी सोडलेल्या ‘एक्सप्लोरर ९’ या उपग्रहात एकही मापनयंत्र नव्हते, असे वाचनात आले. मग त्याने हवेची घनता मोजली कशी? हवेच्या विरोधामुळे उपग्रहाचा वेग वाढतो, असेही तेथे म्हटले होते. हे उलटे नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १६ फेब्रुवारी १९६१ रोजी व्हर्जिनियातील वॉलॉप्स बेटावरून सोडलेला हा उपग्रह म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणि मायलार हे पातळ, चिवट प्लास्टिक यांच्या थरांचा, ३.६६ मीटर व्यासाचा फुगा होता. तो घडी घालून वर नेला आणि कक्षेत पोहोचल्यावर फुगवला. वजन जेमतेम ७ किलो. आकार मोठा आणि वजन नगण्य असल्यामुळे ६०० किलोमीटरहून अधिक उंचीवरील अतिविरळ हवेचा विरोधही त्याला पुरेसा जाणवत असे. शिवाय तो कसाही वळला तरी हवेला सामोरे जाणारे त्याचे क्षेत्रफळ तेवढेच राही. लांबट उपग्रहांच्या बाबतीत ते अंदाजानेच धरावे लागते, म्हणून या प्रयोगातील खरी हुशारी आम्हांला या गोल आकारात दिसते.

मोजायचा होता तो फक्त प्रत्येक फेरीचा वेळ. हवेच्या विरोधाने उपग्रहाची एकूण ऊर्जा घटते, त्यामुळे तो हळूहळू खाली उतरतो. पण उतरताना गुरुत्वाकर्षणामुळे मिळणारा वेग हवेने हिरावलेल्या वेगाहून जास्त भरतो. परिणामी कक्षा लहान होते आणि फेरीही लवकर संपते. एका फेरीतील फरक क्षुल्लक असला तरी तो साचत जातो, आणि त्यावरून घनतेचे गणित मांडता येते. मात्र इतक्या हलक्या फुग्याला सूर्यप्रकाशाचा दाबही ढकलत असल्याने तो परिणाम वेगळा काढावा लागे.

फुग्यावरील रेडिओ-प्रेषक पहिल्याच फेरीत बंद पडला. त्यामुळे सारी भिस्त अमेरिकेतील स्मिथसोनियन वेधशाळेच्या, उपग्रहांचा माग काढणाऱ्या बेकर-नन कॅमेऱ्यांवर आली. त्या जगभरच्या जाळ्यातील एक कॅमेरा आपल्याकडे नैनीतालला होता.

सूर्याची सक्रियता वाढली की वरचे वातावरण तापून प्रसरण पावते आणि तेथील घनता वाढते, हे आधीच्या उपग्रहांच्या कक्षांवरूनही दिसले होते; या फुग्यामुळे ते अधिक नेमकेपणाने तपासता आले. पुढे १९ डिसेंबर १९६३ रोजी तसाच ‘एक्सप्लोरर १९’ ध्रुवांकडे जाणाऱ्या कक्षेत सोडला, म्हणजे वेगवेगळ्या अक्षांशांवरील घनतेची एकाच काळात तुलना शक्य झाली. मात्र पहिला फुगा ९ एप्रिल १९६४ रोजी दाट वातावरणात शिरून नष्ट झाल्याने दोघांना एकत्र चार महिनेही मिळाले नाहीत.