लंडनमधल्या त्या आठवड्यासाठी

सात दिवसांत सगळं उरकायचं ठरवू नकोस, एवढं आधी ऐक. दिवसाला एकच संग्रहालय, आणि तेही दोन तास. त्यानंतर पाय चालतात, पण डोळे काही घेत नाहीत.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा जा. शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते. तिथे डच चित्रकार रेम्ब्रांटचं 1669 मधलं, त्रेसष्टाव्या वर्षीचं आत्मचित्र शोध. मृत्यूच्या वर्षी काढलेलं. आधी लांबून बघ, मग जवळ जा: कपाळावरचा रंग इतका जाड लावलाय की सुरकुत्या हाताला लागतील असं वाटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाकीची दालनं राहूनच गेली, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

नाटकासाठी ग्लोबचं, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या खुल्या नाट्यगृहाचं, अंगणातलं, उभ्याचं तिकीट घे. सगळ्यात स्वस्त तेच, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलंही. वर छप्पर नाही, छत्री उघडू देत नाहीत, म्हणून रेनकोट हवाच. खाली बसताही येत नाही, तेव्हा त्या दिवशी सकाळी संग्रहालय नकोच. नाटकाचं कथानक आदल्या रात्री वाचून ठेव. जुनी इंग्रजी पहिली दहा मिनिटं जड जाते, मग कान सरावतो. थोडं लवकर पोहोच आणि रंगमंचाला टेकून उभी राहा. नटाचा श्वाससुद्धा ऐकू येतो तिथे.