मुलगा 22 महिन्यांचा आहे आणि मोजकेच शब्द बोलतो. थांबावं की दाखवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पाच-सहा शब्दच बोलतो, घरी मराठी आणि पाळणाघरात हिंदी ऐकतो, आणि सासूबाई म्हणतात, 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?'

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझं मत विचाराल तर दाखवा, आणि सगळ्यात आधी कान तपासून घ्या.

'थाळी वाजवली की वळतो, म्हणजे ऐकू येतं' हे मला बहुतेक घरांतून ऐकायला मिळतं. थाळीचा आवाज दणदणीत असतो. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठून थोडं कमी ऐकू येत असलं तरी मूल त्या आवाजाला वळतंच. निसटतात ते 'स', 'फ'सारखे हलके आवाज, आणि मग बोलणं त्याला अर्धवट कळतं. जन्मल्यावर तपासणी झाली असेल तरी पुन्हा करा. ओएई, म्हणजे कानात छोटी नळी ठेवून आवाजाला कानाचा प्रतिसाद बघणारी चाचणी, काही मिनिटांत होते. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी, सांगितली तर त्यासाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या आणि येताना रिक्षात डुलकी काढू देऊ नका.

आता शब्दांचा हिशोब. मंमं, भुर्र, हम्मा, बाऊ हेसुद्धा शब्दच, रोज त्याच अर्थाने वापरत असेल तर. 'पानी' पाळणाघरातलं असलं तरी धरा. 'काका'चं 'ताता' होत असेल तर या वयात चालतं. मोबाईलवर पाठ झालेली एबीसीडी मात्र धरू नका. ती घडाघडा म्हणणारं मूल पाणी मागताना नुसता हात ओढतं, असं मी नेहमी बघते. दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नास शब्द आणि 'बाबा भुर्र', 'दूध दे' अशा जोड्या अपेक्षित असतात.

पण शब्दांपेक्षा मी त्याची समज आधी बघते. हातवारे न करता 'बॉल बाबांना दे' म्हटलं तर देतो का? खिडकीतला काऊ बोटाने दाखवून तुम्ही बघताय ना, म्हणून तुमच्याकडे वळतो का? हाक मारली की बघतो का? हे सगळं असेल तर निम्मी चिंता सोडा. हे नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.

सासूबाईंचं अगदीच खोटं नाही. मुलगे थोडे मागे असतात, पण महिना-दोन महिने, वर्षभर नव्हे. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपली आपण गाठतात हेही खरं. मात्र त्यातलं आपलं कोणतं, हे आज कुणीच सांगू शकत नाही. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, तेव्हा मराठी बंद करू नका. वेखंड चाटवल्याने शब्द येत नाहीत. जीभ चिकटलेली असली तर उच्चारात फरक पडेल एखाद वेळेस, पण मूल बोलायचंच थांबत नाही.

घरी एक करा. तो बिस्किटाच्या डब्याकडे बघतो आणि आपण लगेच बिस्किट हातात देतो. मग मागायचं कशाला? डबा हातात धरा, त्याच्याकडे बघा, मनात पाच आकडे मोजा. काहीही आवाज काढला तरी 'बिक्कीट? हे घे बिक्कीट' म्हणून द्या. 'बोल, बोल ना' करत अडवून धरू नका, रडवू तर मुळीच नका.

मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी मोफत होते. जाताना तो घरी खेळतानाचा, बडबडतानाचा व्हिडिओ फोनमध्ये न्या, कारण अनोळखी खोलीत मुलं तोंड मिटून बसतात.